काका नसलेला शिकारी

विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीनं हरीण मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्यासाठी साडेपाच लाखांच्या आसपास परवाने विकले जातात. कारखान्यांत रजेचे अर्ज आधीच पडलेले असतात, पेट्रोलपंपांवर नारिंगी जाकिटांची गर्दी उसळते, आणि उत्तरेकडच्या जंगलातल्या लाकडी खोपटांत एकेका घरच्या तीन पिढ्या मुक्कामाला येतात. या मुक्कामाला तिथं ‘डिअर कॅम्प’ म्हणतात. शिकारीची खरी शाळा ती. बारा वर्षांचा पोरगा बापाच्या नाहीतर काकाच्या मागं मागं फिरतो. लाकडं फोडतो, भांडी घासतो, मारलेलं हरीण सोलताना त्याचा पाय धरून उभा राहतो. मुद्दाम बसवून त्याला कुणी काही शिकवत नाही, आणि मिसरूड फुटेपर्यंत त्याला सगळं येऊ लागलेलं असतं.

ज्याला असा काका नाही त्यानं काय करायचं, हा प्रश्न अमेरिकेत गेली वीसेक वर्षं गांभीर्यानं विचारला जातो आहे. विचारणारे शहरातले, तिशी-चाळिशीतले, बरेचसे सुशिक्षित. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नसते. कुणाला आपण खातो ते मांस कुठून येतं हे स्वतः पाहायचं असतं, कुणी शाकाहार सोडून आलेला असतो, कुणाला नुसता जंगलात बसायला निमित्त हवं असतं.

या मंडळींची सरकारला गरज आहे, आणि ती का हे समजल्याशिवाय पुढचं नीट उलगडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाजारात मांस-कातडी विकण्यासाठी इतकी बेसुमार कत्तल झाली होती, की पांढऱ्या शेपटीची हरणं देशभर मिळून पाच लाखही उरली नसावीत असा अंदाज आहे. १९०० च्या लेसी कायद्यानं चोरट्या शिकारीच्या मालाच्या आंतरराज्य व्यापाराला चाप लावला. पुढं रानातल्या हरणाचं मांस विकणंच जवळपास सगळीकडे बंद झालं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामाला बांधून दिला. त्यातला राज्याचा वाटा ठरतो तो काही अंशी क्षेत्रफळावर आणि काही अंशी परवाने घेणाऱ्यांच्या संख्येवर. आज हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. बागा फस्त होतात, गाड्यांवर हरणं आदळून माणसं मरतात, जंगलात नवी रोपटी वर येत नाहीत. लांडगे बहुतेक ठिकाणी कधीच संपले. वर्षाला साठ लाखांच्या आसपास हरणं मारतो तो माणूसच. आणि तो माणूस म्हातारा होतो आहे. १९८२ मध्ये शिकारी एक कोटी सत्तर लाखांच्या जवळ होते, २०१६ च्या पाहणीत ते १ कोटी १५ लाखांवर आले. म्हणून खुद्द वन्यजीव खातीच आता विद्यार्थी शोधत फिरतात.

शिकायला साधनं कोणती? पुस्तकांपासून सुरुवात करू. मायकेल पोलन यांच्या २००६ च्या ‘द ऑम्निव्होअर्स डिलेमा’नं शहरी वाचकाला शिकारीकडे वळवलं असं म्हणतात, ते खरंच असावं. पण पोलन कॅलिफोर्नियात रानडुकराच्या मागं गेले ते आंजेलो गारो नावाच्या सिसिलियन वाटाड्याला बरोबर घेऊन. गुरूशिवाय शिकणाऱ्याला त्यातून उमेद मिळते, वाट मिळत नाही. टोवर सेरुली यांचं ‘द माइंडफुल कार्निव्होर’ (२०१२) एका व्हीगन माणसाच्या हातात बंदूक कशी आली त्याची प्रामाणिक हकिगत आहे. हे पुस्तक शिकार सुरू करण्याआधी वाचावं, नंतर नव्हे. कामाचं पुस्तक हवं असेल तर जॅक्सन लँडर्स यांचं. व्हर्जिनियातल्या शाकाहारी घरात वाढलेला हा माणूस मोठेपणी शिकार शिकला, मग स्वतःसारख्यांचे वर्ग घेऊ लागला, आणि २०११ मध्ये त्यानं ‘द बिगिनर्स गाइड टू हंटिंग डिअर फॉर फूड’ लिहिलं. नवख्याला काय माहीत नसतं हे त्याला आठवतं, हा त्याचा मोठा गुण. स्टीव्हन रिनेला यांचा २०१५ चा जाडजूड मार्गदर्शक अधिक संपूर्ण आहे, पण मिशिगनमध्ये बापाच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाचा आत्मविश्वास त्यात पानोपानी आहे. ज्याला लहानपणापासून येतं त्याला आपल्याला काय काय येतं हे सांगता येत नाही.

दुसरं साधन सक्तीचं: शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम. न्यूयॉर्कनं १९४९ मध्ये अशी सक्ती सुरू केली. आता कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ती सगळीकडे आहे. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही हा दाखला दाखवल्याशिवाय साधा परवाना मिळत नाही. टेक्ससमध्ये तर सज्ञान माणूस घरी संगणकापुढं बसून तो पुरा करू शकतो. या अभ्यासक्रमाला नावं ठेवायची फॅशन आहे, ती मला पटत नाही. १९६६ मध्ये विस्कॉन्सिनात दर लाख शिकाऱ्यांमागे गोळी लागण्याचे ४४ अपघात होत. १९६७ मध्ये प्रशिक्षण सुरू झालं, १९८० मध्ये भडक नारिंगी कपडे सक्तीचे झाले, आणि आज ते प्रमाण दहाव्या हिश्शाच्याही खाली आहे. (२०१६ मध्ये नारिंगीला भडक गुलाबीचा पर्याय देण्यात आला. स्त्रिया येतील म्हणून हा कायदा केला, असं तेव्हा आमदार म्हणत होते. स्त्रियांना विचारलं होतं का, हे वेगळं.) बंदुकीचं तोंड कुठं असावं, निशाणाच्या पलीकडे काय आहे, कुंपण ओलांडताना काडतूस काढायचं, हे सगळं या वर्गात पक्कं होतं. झाडावरच्या मचाणावरून पडणं हे गोळीपेक्षा जास्त जणांना जायबंदी करतं, म्हणून जमिनीवरून पाय उचलण्याआधीच अंगावर पट्टा बांधायचा, हेही तिथंच कळतं. फक्त हरीण कसं मिळवायचं ते त्यात नसतं. तो त्याचा हेतूच नव्हता.

ती पोकळी व्हिडिओंनी भरली. तिथं माझी तक्रार आहे. वीस मिनिटांच्या चित्रफितीत नऊ तासांचं बसणं दोन सेकंदांत उरकतं, भल्यामोठ्या शिंगांचा नर झाडीतून बाहेर येतो, बार होतो, पुढच्या दृश्यात शिकारी शिंगं धरून हसत असतो. मधला भाग, म्हणजे खरी शिकार, कापलेला असतो. शिवाय तिथलं रान पुष्कळदा खाजगी असतं, हरणांसाठी मुद्दाम पेरलेलं. मूळ जमीनदाराचा जावई असल्याशिवाय नवख्याला ते मिळणार नाही. सामानाच्या जाहिराती हा दुसरा त्रास: अंगाचा वास घालवणारे साबण, झाडाच्या सालीचे छापे मारलेले कपडे, हरणाच्या मुताच्या बाटल्या. .३०८ किंवा .२४३ ची एक साधी रायफल, धारदार सुरी, दोरी, दिवा आणि उबदार बूट एवढ्यावर काम भागतं. हरणाला नारिंगी रंग नीट दिसत नाही, हालचाल मात्र लगेच दिसते. छाप्याच्या कपड्यांत चुळबुळणाऱ्यापेक्षा नारिंगी कपड्यांत स्थिर बसणारा बरा.

नकाशाच्या ॲपचं मात्र कौतुक करायला हवं. माँटानात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑनएक्स’सारख्या ॲपमध्ये कुठला तुकडा सरकारी, कुठला कुणाच्या मालकीचा, हे पायाखालच्या जमिनीसह दिसतं. पूर्वी हे ज्ञान गावातल्या चार घरांपाशी असे. विस्कॉन्सिनातलं शक्वामेगन-निकोले हे राष्ट्रीय वन एकटंच १५ लाख एकरांच्या वर आहे, परवाना असलेल्या कुणालाही खुलं.

एवढं सगळं असताना नवखा अडतो कुठं? माझं मत असं, की तो चुकीच्या टोकाकडून शिकतो. पुस्तकं, वर्ग, चित्रफिती सगळे हरीण शोधण्यापासून सुरू करतात आणि बारापाशी थकतात. डिअर कॅम्पमधला पोरगा उलट्या क्रमानं शिकतो: आधी ताटातलं, मग सोलणं, मग रक्ताचा माग, मग बार, आणि सगळ्यात शेवटी रान वाचणं. गुरू नसलेल्यानंही हाच क्रम धरावा. हरीण न सापडल्यानं कुणाचं काही बिघडत नाही; निम्म्याहून जास्त शिकारी दर वर्षी रिकाम्या हातानं परततात. जखमी हरीण हरवलं तर मात्र बिघडतं, आणि अंधार पडताना मेलेल्या हरणापाशी सुरी घेऊन उभं राहिल्यावर पुढं काय, हे माहीत नसलं तरीही.

तेव्हा आधी स्वयंपाकघर. हँक शॉ यांचं ‘बक, बक, मूस’ (२०१६) या बाबतीत उत्तम. हरणाच्या मांसात चरबी जवळपास नसते, आणि जी असते ती टाळूला मेणासारखी चिकटते, म्हणून ती काढून टाकायची. पाठीच्या कण्यालगतचा लांब मऊ तुकडा जरा जास्त शिजला की चामडं होतो. पुढच्या पायाच्या नळ्या मात्र मंद आचेवर तीन-चार तास ठेवल्या की मटणाला लाजवतात. तिथल्या मराठी घरांना सांगायचं तर खिमा करा, रश्श्याला नळ्या ठेवा, आणि मांड्यांचं सुकं करायला जाऊ नका.

मग सोलणं-साफ करणं. हे चित्रफितीत बघून कळतं, हात मात्र खाटकाकडे नाहीतर एखाद्या शेतावर बकरं कापताना मदत करूनच बसतो. हरीण उताणं, डोकं चढाकडे. सुरीचं पातं वरच्या बाजूला धरून, डाव्या हाताची दोन बोटं कातडीखाली घालून त्या दोन बोटांमधून सुरी पुढं सरकवायची, म्हणजे टोक पोटाच्या पिशवीला लागत नाही. ती फुटली की वास येतो आणि आसपासचं मांस जातं. मूत्राशय चिमटीत धरून सोडवायचं. मग छाती आणि पोट यांच्या मधला पडदा बरगडीच्या कडेनं कापायचा, हात कोपरापर्यंत आत घालून श्वासनलिका चाचपायची, ती न बघता कापायची आणि खाली ओढायची. ओढता ओढता सगळं एकत्र बाहेर येतं. नोव्हेंबरच्या गारठ्यात आतली ऊब हातांना बरी वाटते, आणि तसं वाटलं म्हणून पहिल्यांदा अनेकांना अवघडल्यासारखं होतं. मांस चार अंश सेल्सियसपर्यंत लवकर उतरवणं ही पुढची घाई. सत्तर किलोच्या हरणातून हाडं काढल्यावर पंचवीस-तीस किलो मांस मिळतं. कसायाकडे दिलं तर शंभर-दीडशे डॉलर जातात, घरच्या टेबलावर एक अख्खा रविवार.

रक्ताचा माग हा सगळ्यात दुर्लक्षित धडा. बार झाल्यावर नवखा मचाणावरून उडी मारून धावत सुटतो. जाणता माणूस हरीण कुठं उभं होतं आणि शेवटचं कुठं दिसलं ही दोन ठिकाणं मनात पक्की करतो आणि अर्धा तास बसून राहतो. खाली उतरल्यावर आधी बघायचं ते रक्त कसलं. फिकट लाल, बुडबुड्यांचं असेल तर फुप्फुस. हरीण शे-दीडशे पावलांत पडलेलं असणार. काळपट तांबडं असेल तर यकृत. तीन-चार तास थांबायचं. हिरवट-तपकिरी, वास येणारं काही पानांवर दिसलं तर गोळी पोटात गेली. तेव्हा आलं तसं परत फिरायचं आणि आठ तासांनी यायचं, कारण मागं लागलात की ते जखमी जनावर उठतं आणि मैलभर जातं. पडलेल्या लालसर मेपलच्या पानांवर रक्ताचा थेंब आणि पानाचा नैसर्गिक ठिपका यांत फरक कळत नाही. ओलसर कागदी रुमाल दाबला की कळतो. प्रत्येक थेंबाजवळ फांदीला कागद अडकवत जायचं, म्हणजे मागं वळून बघितलं की दिशेची रेघ दिसते. माग तुटला तर दोरीला बांधलेलं माग काढणारं कुत्रं बोलावता येतं. ‘युनायटेड ब्लड ट्रॅकर्स’ या संस्थेकडे अशा हौशी कुत्रेवाल्यांची राज्यवार यादी असते, आणि पुष्कळ राज्यांत ते कायदेशीर आहे. पहिल्या हंगामाआधी जवळच्या कुत्रेवाल्याचा फोन नंबर घेऊन ठेवणं हे नव्या रायफलीपेक्षा जास्त मोलाचं.

बाराबद्दल एकच. हरणाचं काळीज-फुप्फुस मिळून जेवणाच्या कागदी ताटलीएवढं निशाण होतं. बाकावर टेकून नव्हे, तर गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, धाप लागलेली असताना ताटलीत सगळ्या गोळ्या जिथपर्यंत बसतात तेवढाच आपला पल्ला. बहुतेकांचा तो पन्नास-साठ मीटरच निघतो. काका असता तर त्यानं शेजारी बसून ‘थांब, मारू नको’ म्हटलं असतं. हे काम ताटलीला करावं लागतं, आणि तिचं ऐकणं जास्त अवघड, कारण ती जंगलात बरोबर नसते.

शेवटी रान. जुळ्या खुरांच्या वाटा, लेंड्या, शिंगं घासून सोललेली कोवळी खोडं, माजाच्या दिवसांत खुरानं उकरलेली माती आणि तिच्यावरची चघळलेली फांदी: यांतलं बरंचसं पुस्तकातून ओळखता येतं. वारा मात्र स्वतःच शिकावा लागतो. तिथले जुने शिकारी मिल्कवीडच्या, म्हणजे आपल्या रुईच्या कुळातल्या झाडाच्या म्हाताऱ्या खिशात ठेवतात आणि एकेक हवेत सोडून बघत बसतात. ती कानाजवळून निघते, वीस पावलांवर ओढ्यापाशी अचानक खाली वळते, किंवा उन्हानं तापलेल्या उतारावरून वर चढते. सकाळी हवा डोंगर चढते, संध्याकाळी उतरते. आपला वास त्याच वाटेनं जातो. एक अख्खा हंगाम बंदुकीशिवाय एवढंच करावं, असं मी म्हणेन. परवान्याचे पैसेही वाचतात.

मराठी वाचकाच्या मनात इथं एक शंका येणार: हे सगळं आपल्याला कशाला? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार बंद केली, ते बरोबरच झालं. काळविटापायी एका मोठ्या नटानं १९९८ पासून वीसेक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्याही आपण पाहिल्या. महाराष्ट्रात ही विद्या पारध्यांपाशी होती, बापाकडून पोराकडे जाणारी. १८७१ च्या कायद्याची परंपरा त्यांना गुन्हेगार म्हणत राहिली, १९५२ मध्ये तो शिक्का कागदावर पुसला गेला, आणि वीस वर्षांनी धंदाच बेकायदा झाला. आपल्या वाचनात शिकार आली ती कॉर्बेटच्या अनुवादांतून. पण त्या कॉर्बेटलाही लहानपणी रान दाखवायला कुंवरसिंग नावाचा जाणता शिकारी होता.

अमेरिकेतल्या मराठी माणसांपैकी ज्यांना हा नाद लागतो त्यांना एक विचित्र तरतूद उपयोगी पडते. कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याचा कायदा सर्वसाधारणपणे बंदूक बाळगू देत नाही. चालू शिकार-परवाना असेल तर मात्र त्याला अपवाद आहे. राज्यांचे नियम याच्यावर आणखी वेगळे असतात, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय दुकानात जाऊ नये. धनुष्यबाणाला ही अडचण नाही, पण त्याचा सराव फार लागतो.

सावळ्या कातडीच्या नवख्याला दुसरंही माहीत असावं. २००४ च्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिनच्या सॉयर परगण्यात खाजगी जमिनीवरच्या मचाणावरून आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग जमातीचा एक शिकारी आणि जमिनीशी संबंधित मंडळी यांच्यात वाद झाला, आणि त्याच्या गोळ्यांनी सहा जण मेले. त्याला जन्मठेप झाली. पण त्याच्या जमातीच्या बाकी शिकाऱ्यांना पुढं अनेक वर्षं जंगलात संशयाच्या नजरा सोसाव्या लागल्या. हद्दीचा नकाशा बाळगणं अशा माणसाला नुसतं सोयीचं नसतं. २०२० मध्ये सुरू झालेली ‘हंटर्स ऑफ कलर’ ही संस्था अशांना सोबत मिळवून देण्याचा प्रयत्न करते.

सोबत मिळवून देणं हाच आता बहुतेक उपक्रमांचा धंदा आहे. १९९१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टीव्हन्स पॉइंट शाखेत ‘बिकमिंग ॲन आउटडोअर्स-वुमन’ सुरू झालं, आणि बायका नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या परवानगीवाचून शिकू लागल्या. २०१६ मध्ये जॉर्जियातल्या अथेन्स गावी हरणांच्या एका संस्थेनं भाजीबाजारात हरणाचं मांस चाखायला ठेवलं आणि चाखणाऱ्यांना विचारलं, शिकणार का? ‘फील्ड टू फोर्क’ असं नाव पडलेला तो उपक्रम आज अनेक राज्यांत चालतो. तो ताटापासून सुरू झाला, म्हणून मला बाकीच्यांपेक्षा शहाणा वाटतो. विस्कॉन्सिनमध्ये तर अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर असेल तर दाखल्याशिवायही पहिली शिकार करता येते.

आरोग्याचे दोन मुद्दे राहिले. १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत प्रथम दिसलेला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना झिजवून मारणारा रोग २००२ मध्ये विस्कॉन्सिनात पोचला; आता तो तीसहून अधिक राज्यांत आहे. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, पण तपासणीत सापडलेल्या हरणाचं मांस खाऊ नका असं सरकारी आरोग्य संस्था सांगते. तपासणीसाठी हरणाचं डोकं वन्यजीव खात्याच्या पेटीत टाकायचं, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवायचं. आणि २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान केलेल्या खिम्यात शिशाचे कण सापडले होते. तेव्हापासून घरात लहान मुलं असणाऱ्यांना तांब्याच्या गोळीची शिफारस होते. ती थोडी महाग पडते, पण नवख्याला वर्षाला डबाभर काडतुसं पुष्कळ होतात.

या उपक्रमांची उणीव दुसऱ्या वर्षी कळते. पहिल्या शनिवारी शेजारी बसलेला स्वयंसेवक पुढच्या नोव्हेंबरात नव्या विद्यार्थ्याजवळ असतो, आणि गेल्या वर्षीचा विद्यार्थी राष्ट्रीय वनाच्या कडेला गाडीत बसून विचार करत असतो, की एकट्यानं आत जावं की नाही. खात्यांकडे परवान्यांचा हिशोब पक्का असतो. पहिल्या वर्षी आलेला तिसऱ्या वर्षी परत आला का, हे त्याच हिशोबात दिसू शकतं. कर्मचारी नेमायचेच तर ते दुसऱ्या वर्षी त्या विद्यार्थ्याला फोन करायला नेमावेत.